मिरगाआधी कानाच्या मशीनची तयारी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्यांना ऑपरेशनने बसवलेलं कानाचं मशीन. त्याबद्दल या वेळी आलेली पत्रं जवळजवळ सगळी किनारपट्टीची आहेत आणि बहुतेकांच्या तळाशी एकच काळजी आहे. मशीन बंद पडलं की मॅपिंगला (मशीनची पातळी आपल्या कानाप्रमाणे लावून घ्यायला) जायचं म्हणजे मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूर गाठायचं. एक दिवस जायला, एक यायला. म्हणून उत्तरं लिहिताना आम्ही दोन गोष्टींकडे लक्ष ठेवलं आहे: घरच्या घरी काय तपासता येतं, आणि कशासाठी मात्र जायलाच हवं.

नव्या वाचकांसाठी दोन वाक्यं. कानामागचा प्रोसेसर, त्याची केबल आणि डोक्याला चुंबकाने चिकटणारी कॉइल हे बाहेरचे भाग. कातडीखालचा रिसीव्हर आणि अंतर्कर्णाच्या शंखात सरकवलेली इलेक्ट्रोडची बारीक तार हे आतले. बिघाड म्हणून ज्या तक्रारी येतात त्यांचं मूळ बहुतेक वेळा बाहेरच्या भागांतच सापडतं.

प्रश्न: माझे सासरे ६१ वर्षांचे आहेत. इम्प्लांट होऊन दीड वर्ष झालं. गेल्या श्रावणात मशीनमधून खरखर यायला लागली, मग आवाज मध्येच तुटायचा. मुंबईला नेलं तर तिथे मशीन ठणठणीत! घरी आलो आणि चार दिवसांत पुन्हा तेच. यंदा पावसाआधी काय करावं? (देवगड)

पावसाळ्यात पापड सादळतो तसं मशीनही सादळतं. त्यासाठी ते भिजावं लागत नाही. घाम आणि दमट हवा माइकच्या जाळीत, बॅटरीच्या टोकांपाशी, केबलच्या खोबणीत शिरते. एसीतून बाहेर पडल्यावर चष्म्यावर जशी वाफ धरते तशी थंड झालेल्या मशीनवरही धरते, फक्त ती दिसत नाही. मुंबईला एसी गाडीत आणि एसी क्लिनिकमध्ये काही तास गेले, मशीन सुकलं आणि बोलू लागलं. तपासणाऱ्याला दोष दिसला नाही यात नवल नाही.

उपाय रोज रात्रीचा आहे. झोपताना मशीन काढा, मऊ कोरड्या कापडाने पुसा. बॅटरी वेगळी करा. केबल आणि कॉइल सुटी होत असतील तर तीही सुटी करा आणि सगळं सुकवणीच्या डब्यात ठेवा. निदान सात-आठ तास. वापरून फेकायचे झिंक-एअर सेल मात्र डब्यात ठेवू नका. त्यांच्या आतला ओलावाच सुकतो आणि सेल लवकर मरतात.

डबा दोन प्रकारचा मिळतो. विजेवर चालणारा डबा हलक्या उबेने सुकवतो, पण लाइट गेली की तो नुसता डबा. म्हणून कोकणात सिलिका जेलचा साधा डबा जोडीला हवाच. घट्ट झाकणाचा अर्धा लिटरचा डबा घ्या. सुती पुरचुंडीत ५० ते १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल बांधून तळाशी ठेवा आणि वर मशीन. नारिंगी दाणे हिरवट किंवा रंगहीन दिसू लागले की त्यांची ताकद संपली. एका वेगळ्या भांड्यात, मंद आचेवर, हलवत हलवत रंग परत येईपर्यंत ते तापवा आणि झाकण लावून पूर्ण गार होऊ द्या. मगच मशीनच्या डब्यात घाला. स्वयंपाकाचं भांडं यासाठी वापरू नका. निळे दाणे टाळाच, त्यांचा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो. कंपनीची पाकीटबंद सुकवणीची वडी वापरत असाल तर ती तापवून पुन्हा चालत नाही. उघडलेली तारीख तिच्यावर लिहा आणि साधारण दोन महिन्यांनी बदला. आषाढात डबा रात्रभर उघडा राहिला तर ती त्याआधीच संपेल.

तांदळाच्या डब्यात मशीन पुरून ठेवायची सवय बऱ्याच घरांत आहे. कृपा करून सोडा. साठवणीच्या तांदळात स्वतःचंच बारा-चौदा टक्के पाणी असतं, आणि त्याची पूड माइकच्या जाळीत बसते ती वेगळीच. हेअर ड्रायर, ऊन, चुलीवर टांगणं, फ्रिज, यांतलं काहीही नको.

आता खरखर सुरू झालीच तर तपासण्याचा क्रम. तो उलटसुलट करू नका, कारण प्रत्येक पायरी एक भाग बाद करत जाते. आधी दुसरी, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावा. मग बॅटरीची टोकं आणि खोबण्या कोरड्या मऊ ब्रशने झाडा. किनाऱ्यावर तिथे मिठाचा पांढरा किंवा हिरवट थर धरतो, तो नखाने खरवडू नका. तिसरी पायरी केबलची. मशीन चालू ठेवून केबल दोन्ही टोकांपाशी हळूच वाकवा. आवाज येतो-जातो असं झालं तर केबल गेली. बाहेरच्या भागांत सर्वांत आधी हीच तुटते. म्हणून एक जादा केबल घरात असणं ही चैन नव्हे. ती बदलूनही फरक नाही तर कॉइल बदलून पाहा. शेवटी माइकच्या जाळ्या. बहुतेक मॉडेलमध्ये त्या दर तीन महिन्यांनी बदलायच्या असतात. किनाऱ्यावर पावसाळ्यात आम्ही दीड-दोन महिन्यांनीच बदलायला सांगतो.

एक परीक्षा फार उपयोगी आहे. फोनचा आवाज ब्लूटूथने थेट प्रोसेसरमध्ये घ्या. तो स्वच्छ येतोय आणि समोरच्या माणसाचा मात्र दबका, तर दोष माइकमध्ये किंवा त्याच्या जाळीत आहे. दोन्ही खराब येत असतील तर केबल, कॉइल किंवा मॅपिंगकडे बघावं लागेल. हे सगळं तारखेसह वहीत लिहा आणि ती वही मॅपिंगला न्या. ‘खरखर येते’ एवढं सांगण्यापेक्षा ‘१२ ऑगस्टला पावसात बाजारात, केबल बदलल्यावर थांबली’ असं लिहिलेलं असेल तर ऑडिओलॉजिस्टचं निम्मं काम झालं.

आणि जायलाच हवं ते कधी? बाहेरचा प्रत्येक भाग बदलूनही आवाज बिघडलेलाच असेल, चेहरा फडफडत असेल, आवाजाबरोबर कळ किंवा चक्कर येत असेल, डोक्यावर मार बसल्यानंतर ऐकू येणं बदललं असेल, किंवा कॉइलखालची कातडी सुजली, दुखू लागली असेल. मग वाट पाहू नका. आतला भाग मॅपिंगच्या ठिकाणीच तपासला जातो.

प्रश्न: आमच्या भागात निसर्ग वादळानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा मला इम्प्लांट नव्हतं, आता आहे आणि बॅटरी चार्जिंगची आहे. पुन्हा तशी वेळ आली तर? (श्रीवर्धन)

३ जून २०२०चं निसर्ग, मग २०२१च्या मे महिन्यातलं तौक्ते. दोन्ही पावसाळ्याच्या तोंडावर आली. त्यामुळे ही तयारी मे महिन्यातच झालेली बरी.

तुमच्या मॉडेलला झिंक-एअर सेलचा कप्पा बसतो का ते आधी कंपनीच्या माणसाला विचारा. अनेक कानामागच्या प्रोसेसरना तो वेगळा घेता येतो. त्यात बहुधा ६७५ क्रमांकाचे दोन सेल लागतात आणि ते इम्प्लांटसाठीचेच हवेत. श्रवणयंत्राचे साधे ६७५ दिसायला तसेच असतात, पण मशीनला लागणारा जास्तीचा प्रवाह पुरवता येत नाही म्हणून काही तासांत बंद पडतात. दुकानदार ‘तेच आहे’ म्हणाला तरी पाकिटावर इम्प्लांट किंवा कॉक्लियर असं लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचा. जोडी साधारण दोन दिवस चालते असं धरलं तर दहा दिवसांना दहा सेल होतात. सहा सेलची दोन पाकिटं घेतली की दोन उरतात. पट्टी न काढलेले सेल दोन-तीन वर्षं टिकतात. पट्टी एकदा काढली की परत चिकटवून काही होत नाही. पट्टी काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मगच सेल बसवा, कारण हवा आत गेल्याशिवाय विजेचा पूर्ण दाब तयार होत नाही. घाईने लगेच बसवलं की मशीन ‘बॅटरी कमी’ दाखवतं आणि लोक नवा सेल फेकून देतात.

सेलचा कप्पा बसत नसेल तर पॉवर बँक. प्रोसेसरची बॅटरी लहान असते, फोन भरणारी पॉवर बँक ती कितीतरी वेळा भरते. चार्जर यूएसबीचा आहे ना, एवढं आजच पाहून ठेवा. आणि वीज परत येते तेव्हा दाब वरखाली होतो, म्हणून चार्जर भिंतीत लावून ठेवू नका. चार्जरला जोडलेलं मशीन कानावर घालायचं नाही हा नियम बाराही महिने.

प्रश्न: मी होडीवर तांडेल आहे. डाव्या कानात इम्प्लांट. पाणी उडतं म्हणून मशीनवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून वर टोपी घालतो. अर्ध्या तासात मशीन बंद. पिशवी काढली की थोड्या वेळाने चालू. (हर्णै)

मशीन बरोबर वागतंय. तुमचे सेल झिंक-एअर आहेत आणि त्यांना हवा लागते. पिशवीत हवा कोंडली की सेल गुदमरतो, मोकळी मिळाली की पुन्हा जिवंत होतो. पाणी अडवणाऱ्या बंद कव्हरात चार्जिंगची बॅटरीच चालते. तुमच्या मॉडेलचं कंपनीचं पाणीरोधक कव्हर घ्या आणि ते घालाल तेव्हा चार्जिंगची बॅटरी लावा. शिवाय पिशवीत घामाची वाफही साठते, तेव्हा पिशवीचा उपाय नकोच.

कव्हर घातलं तरी मशीनला बारीक दोरी बांधून कॉलरला क्लिप लावा. होडीवर कॉइल निसटली तर खाली पाणी आहे. खाऱ्या पाण्यात मशीन पडलं तर आधी बॅटरी काढा, चालू करून बघायचा मोह आवरा. स्वच्छ गोड्या पाण्यात ओलसर केलेल्या कापडाने मीठ पुसून घ्या, मग कोरडं पुसून निदान १२ तास सुकवणीच्या डब्यात ठेवा. पाणी वाळतं पण मीठ राहतं, आणि तेच टोकं खातं. म्हणून समुद्रावरून आल्यावर रोजचं पुसणं चुकवू नका, मशीन कोरडं दिसत असलं तरी.

इंजिनाच्या आवाजात खलाशांची हाक कळणार नाही, मशीन कितीही महाग असलं तरी. जाळं ओढताना, धक्क्याला लावताना हाताच्या खुणा ठरवून घ्या. त्या तुमच्याइतक्याच इतरांच्याही उपयोगाच्या आहेत.

प्रश्न: केसांना रोज खोबरेल लागतं. सणावाराला अबोलीची वेणी माळते. कॉइल घसरते म्हणून सेंटरवरून जास्त ताकदीचा मॅग्नेट आणला, तर आता तिथे लाल होऊन दुखतं. वय ४४. (मालवण)

ताई, दुखणं आधी. लाल डाग मशीन काढल्यावर तासाभरात गेला नाही, किंवा तिथे खळगा जाणवला, तर मॅग्नेट जास्त ताकदीचा आहे. लगेच आधीचा कमी ताकदीचा लावा आणि कातडी पूर्ववत होईपर्यंत कॉइल शक्य तितकी कमी वेळ ठेवा. कातडी फुटली, ओल दिसली तर कॉइल अजिबात लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा. चुंबकाच्या सततच्या दाबाने तिथला रक्तपुरवठा कमी होतो. कातडी एकदा गेली तर प्रकरण आतल्या भागापर्यंत पोचू शकतं.

कॉइल घसरण्याचं कारण बहुधा तेल आणि केसांचा थर. कॉइलखालच्या रुपयाएवढ्या जागेतले केस कात्रीने बारीक कापून घेतले तर वरच्या केसांखाली ते दिसतही नाहीत, आणि कमी ताकदीचा मॅग्नेट पुरतो. तेल रात्री, मशीन काढल्यावर लावा. सकाळी ती जागा आणि कानामागचा भाग पुसून मग मशीन घाला. तेलाचा हात माइकच्या जाळीला लागला की जाळी बुजते आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. तेलकट जाळी धुऊन काही होत नाही, बदलावी लागते.

वेणी खुशाल माळा. फक्त लोखंडी आकडे आणि काळ्या पिना कॉइलच्या बाजूला नकोत. मॅग्नेट त्यांना ओढून घेतो आणि कॉइल तिरकी बसते. दोऱ्याने बांधा किंवा प्लॅस्टिकचा चाप वापरा.

प्रश्न: काळबादेवीच्या किनाऱ्यावर कॉइल वाळूत पडली. काळे कण चिकटलेत, पुसून जात नाहीत. (रत्नागिरी)

त्या किनाऱ्याच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटबरोबर मॅग्नेटाइटही असतं, आणि मॅग्नेटाइट चुंबकाला धरून बसतं. पुसल्याने कण नुसते इकडचे तिकडे होतात आणि कॉइलवर चरे पडतात. चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून टिपा, दर वेळी पट्टीचा नवा भाग घेऊन. कडेच्या फटीत मुलांच्या खेळण्यातली मऊ चिकणमाती हलकेच दाबून उचला. सगळे कण जाईपर्यंत कॉइल डोक्याला लावू नका, ते कातडीत रुततात.

प्रश्न: स्विच ऑन (ऑपरेशननंतर मशीन पहिल्यांदा चालू करणं) होऊन दोन महिने झाले. सगळे पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटतात. बायकोचा आणि मुलीचा आवाज वेगळा ओळखू येत नाही. सेंटरवर दिलेल्या तक्त्यातले शब्द पाठ झालेत पण घरात आम्ही मालवणी बोलतो, ते काहीच कळत नाही. माझं ऑपरेशन फसलं का? (कुडाळ)

नाही. दोन महिन्यांत असंच वाटणं अगदी नेहमीचं आहे. निरोगी कानाच्या शंखात हजारो केसपेशी असतात. तुमच्या इलेक्ट्रोडवर, कंपनीप्रमाणे, १२ ते २२ जागा आहेत. एवढ्या थोड्या तारांवरून आलेला निरोप वाचायला मेंदूला नव्याने शिकावं लागतं. प्रौढांत हा बदल पहिल्या सहा महिन्यांत वेगाने आणि वर्षभर हळूहळू होत राहतो. इम्प्लांटआधी किती वर्षं ऐकू येत नव्हतं यावरही ते अवलंबून असतं. तो काळ लांबला असेल तर धीरही लांबचा हवा. मधल्या मॅपिंगच्या तारखा मात्र चुकवू नका. सुरुवातीला लावलेली पातळी मुद्दाम सौम्य असते, आणि ती वाढवल्याशिवाय नुसता सराव पुरत नाही.

मालवणीबद्दल तुम्ही लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे. तक्ता प्रमाण मराठीचा असतो, घर मालवणीचं. सराव घरच्या बोलीतच करा, कारण दिवसभर कानावर तेच पडणार आहे. आम्ही सुचवतो ती पद्धत अशी. रोज पंधरा-पंधरा मिनिटं, दोनदा, टीव्ही आणि पंखा बंद करून. बायकोने इम्प्लांटच्या बाजूला, हातभर अंतरावर, थोडं मागे बसायचं, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. तोंडापुढे हात धरू नये, त्याने आवाजच बदलतो. समोर बसायचंच असेल तर भरतकामाच्या रिंगेत पातळ सुती कापड ताणून तोंडापुढे धरा.

पहिल्या आठवड्यात ठरलेल्या यादीतले शब्द. बाजारातल्या मासळीचीच यादी घ्या. आधी लांबीला वेगळी नावं: मोरी, कोळंबी. ती चुकेनाशी झाली की सारख्या लांबीची: बांगडा, बोंबील, पापलेट. मग घरातली रोजची वाक्यं, ‘खंय गेल्लंस’, ‘जेवक ये’, तुमच्याच घरात जशी बोलली जातात तशीच. चुकलात तर बायकोने तेच वाक्य ओरडून नव्हे, त्याच आवाजात पुन्हा म्हणायचं. तिसऱ्यांदा लिहून दाखवायचं आणि लिहिलेलं समोर ठेवून परत म्हणायचं. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि शिकणं तिथेच होतं.

काही जोड्या बराच काळ चुकतील. पार, तार आणि कार. माळ आणि नाळ. ओठ-जिभेची जागा बदलून होणारा फरक इम्प्लांटला सर्वांत अवघड जातो. तिथे संदर्भाचा आधार घ्या, लाज वाटून घेऊ नका. दुसऱ्या कानात श्रवणयंत्र घालत असाल तर ते सोडू नका. आवाजातला चढउतार, माणसाची ओळख, यांत त्याची मदत होते. सरावाच्या वेळी मात्र ते काढा.

प्रश्न: गणपतीत आरती सुरू झाली की झांजा-ढोलकीत मला सगळंच ऐकू येईनासं होतं. आवाज कमी केला तरी तेच. भजनाची आवड होती, ती गेलीच म्हणायची का? मोठ्या आवाजाने आतलं मशीन बिघडेल का? (गुहागर)

बिघडणार नाही. मॅपिंगमध्ये वरची मर्यादा बांधलेली असते, तिच्यापलीकडे झांज कितीही कडाडली तरी इलेक्ट्रोडला जास्त प्रवाह जात नाही. पण दुसऱ्या कानात थोडं ऐकू येत असेल तर त्याला जपा, त्याला अशी मर्यादा नाही.

तुम्ही व्हॉल्यूम कमी करताय. आरतीत सेन्सिटिव्हिटी कमी करायला हवी. व्हॉल्यूम म्हणजे कानापर्यंत पोचणारी ताकद. सेन्सिटिव्हिटी म्हणजे माइकने किती लांबचं, किती हळू उचलायचं ते. झांजेचा दणका आला की मशीन क्षणभर सगळाच आवाज दाबतं, त्यात शेजाऱ्याचे शब्दही जातात. सेन्सिटिव्हिटी दोन-तीन पायऱ्या खाली आणली की हे दाबणं कमी होतं. रिमोटवर किंवा फोनच्या ॲपवर ती दिसत नसेल तर पुढच्या मॅपिंगला ‘आरतीसाठी एक वेगळा प्रोग्राम द्या’ असं स्पष्ट सांगा. जागाही निवडा. झांजा वाजवणाऱ्यांपासून लांब, भिंतीला पाठ करून, ज्याचे शब्द हवेत त्याच्या जवळ. अंतर निम्मं झालं की त्याचा आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो. एवढं काम कुठलाच प्रोग्राम करत नाही.

भजनाबाबत खरं सांगायचं तर ताल जवळजवळ पूर्ण मिळतो, सूर अर्धामुर्धाच. पखवाज, टाळ, शब्दांची फेक यांचा आनंद परत येतो. दोन जवळचे स्वर वेगळे ओळखणं बहुतेकांना अवघडच राहतं. डबलबारीला (दोन भजनी बुवांच्या सामन्याला) दहा वाद्यांच्या गर्दीत पहिल्यांदा जाऊ नका. इम्प्लांटआधी पाठ असलेला एकच अभंग, एकच गळा, फार तर एक पेटी, फोनवरून थेट मशीनमध्ये, रोज. शब्द समोर ठेवून. आठवणीतली चाल मेंदूला आधार देते. प्रत्यक्ष भजनात मशीनला जोडलेला बिनतारी माइक बुवांच्या पेटीजवळ ठेवता आला तर फार फरक पडतो.

प्रश्न: हेल्मेट घालताना कॉइल निघते. आतला थर्माकोल कापू का? (चिपळूण)

नको. डोकं वाचवतो तो तोच थर. पुढून उचलता येणारं हेल्मेट घ्या, आतली सुटी होणारी कापडी गादी त्या बाजूला पातळ साइजची बसवून मिळते का ते दुकानात मशीन घालूनच पाहा. तरीही निघत असेल तर गाडीवर मशीन काढून खिशातल्या कडक डबीत ठेवा, दोन्ही आरसे नीट लावा आणि आरशांत बघत गाडी चालवा. चालत्या गाडीवर एका हाताने कॉइल बसवायला जाऊ नका.

प्रश्न: गुडघ्याचा एमआरआय सांगितला आहे, पुढे ऑपरेशनही होईल. इम्प्लांट आहे हे कुणाकुणाला सांगावं? (अलिबाग)

गुडघ्याचा असला तरी पूर्ण शरीर त्या चुंबकाच्या क्षेत्रात जातं, म्हणून केंद्राला अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. इम्प्लांटचं कार्ड दाखवा, त्यावरचा मॉडेल क्रमांक महत्त्वाचा. काही नव्या मॉडेलमध्ये आतला मॅग्नेट फिरू शकतो आणि ३ टेस्लापर्यंतचा (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) एमआरआय चालतो, काहींना १.५ टेस्लाला डोक्याला घट्ट पट्टी बांधावी लागते. काहींचा मॅग्नेट छोट्या ऑपरेशनने आधी काढावा लागतो. बाहेरचं मशीन त्या खोलीत कधीच न्यायचं नाही. सीटी स्कॅन आणि एक्स-रेला बाहेरचे भाग काढले की अडचण नाही.

ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना लेखी द्या. डोकं आणि मानेच्या भागात मोनोपोलर कॉटरी (विजेने डागून रक्त थांबवण्याचा एक प्रकार) वापरायची नसते, बायपोलर चालते. दाताच्या डॉक्टरांनाही हेच सांगा. फिजिओथेरपीत शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युत लहरींचा शेक) नको. मशीन परत लावेपर्यंत तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून उठल्यावर ते कसं लावायचं हे नर्सला आधी दाखवून ठेवा.

याच निमित्ताने न्यूमोकोकल लस झाली आहे का ते फाइलीत बघा. इम्प्लांट असलेल्यांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो. ताप, मान आखडणं आणि उलट्या एकत्र आल्या तर सकाळची वाट न पाहता दवाखाना.

प्रश्न: मशीन घालून ऐकू येतं, मग अपंगत्वाचा दाखला मिळतो का? (महाड)

मिळू शकतो. श्रवणदोष मशीनशिवाय मोजतात. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या ओळखपत्रावर) निदान ४० टक्के असतील तर एसटीत भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते.

प्रश्न: मी एकटी राहते. रात्री मशीन काढलं की पूर्ण शांतता. दार वाजलं, पाणी चढलं, तर कळणार कसं? वय ६८. (राजापूर)

मशीन रात्री काढायलाच हवं, कातडीला आणि मशीनला दोघांनाही. म्हणून कानाचं काम डोळ्यांना आणि कातडीला द्यायचं. दाराला दिवा लागणारी बेल बसवून घ्या, दिवा पलंगावरून दिसेल असा. मनगटावर थरथरणारं घड्याळ फोनला जोडा, म्हणजे फोन आणि गजर दोन्ही हातावर कळतील. फोनमध्ये सरकारचं ‘सचेत’ ॲप घ्या आणि आपत्तीचे इशारे चालू ठेवा, त्यांचं कंपन घड्याळावर येतं का ते एकदा तपासा. शेजारच्या घरी एक किल्ली आणि एक निरोप द्या: हाक मारून उपयोग नाही, खिडकीतून टॉर्च मारा.

अतिवृष्टीचा इशारा असेल त्या रात्री मशीन नेहमीच्या कपाटात नको. सुकवणीच्या डब्यासकट ते उशाशी, उंचावर, अंधारात हात जाईल अशा एकाच ठरलेल्या जागी ठेवा. शेजारी भरलेली बॅटरी, टॉर्च, इम्प्लांटचं कार्ड आणि घट्ट तोंडाची प्लॅस्टिकची पिशवी. घर सोडावं लागलं तर मशीन कानावर न लावता पिशवीत घालून निघा आणि कोरड्या जागी पोचल्यावरच लावा.